सूज उतरली तेव्हा

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मला जळकोटच्या बाजूच्या एका गावात नर्स म्हणून नेमलं. माझं माहेर नायगावकडचं. वय एकवीस. गावाबाहेर दोन खोल्या होत्या, एकीत दवाखाना आणि दुसरीत मी. पाऊस दुसऱ्या वर्षीही हुकला होता. सगळं गाव सकाळीच रोजगार हमीच्या कामावर जायचं. मग दुपारभर बोलायला कुणी नसायचं. मी बाटल्यांवरची लेबलं मोठ्यानं वाचत बसायचे.

एके दिवशी वस्तीवरची एक बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा चेहरा गोल, केस तांबूस झालेले. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला; ती सूज होती.

"दिसायला भरलेली हाय," आई म्हणाली, "पर काही खातच न्हाई."

उदगीरला न्यायला ती तयार होईना. घरी आणखी दोन लेकरं होती. उदगीरच्या डॉक्टरांनी मला पूर्वी शिकवलं होतं तसं मी दुधात साखर आणि तेल घालून मुलीला चमच्यानं पाजू लागले, थोडं थोडं, दर दोन तासांनी. आई दवाखान्यातच राहिली; वस्ती जवळ, म्हणून मधूनमधून लेकरांकडं जाऊन यायची.

पाचव्या दिवशी सूज उतरली. मला कोण आनंद झाला. आईनं मात्र मुलीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. पायांच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

"आणली तवा भरलेली होती, बाई. तुमी माझी पोरगी सुकवली."

"ते पाणी होतं हो. आता खरं अंग धरेल."

तिनं ऐकलं नाही. मुलीला उचलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी हापशावर मी गेले तर बाया बोलायच्या थांबल्या. तीन दिवस दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. मी भात टाकायचे आणि तसाच ठेवायचे.

चौथ्या दिवशी दुधाच्या भुकटीचा डबा आणि कालवलेल्या दुधाची वाटी घेऊन मी वस्तीवर गेले. आईनं आत बोलावलं नाही. मी दारातच बसले.

"मला काय बोलायचं ते बोला," मी म्हणाले, "पण वाटी घ्या."

बऱ्याच वेळानं तिनं हात पुढं केला. त्यानंतर मी रोज दोनदा जायचे, बाकीच्या वेळी तीच पाजायची. आमच्यात शब्द नव्हता. एका सकाळी मुलीनं वाटी स्वतःच ओढली आणि रिकामी झाल्यावर रडली. आई हसली, मग तिनं तोंडाला पदर लावला.

महिन्याभरात मुलगी भिंत धरून उभी राहू लागली. वजन करायला आणली तेव्हा आईनं दवाखान्याची खोली आणि माझी खोली, दोन्ही निरखून पाहिल्या.

"तुमचं हितं कोन हाय, बाई?"

"कुणी नाही."

"मंग कसं करता?"

मी वजनकाटा उचलून कोपऱ्यात ठेवला. ती थोडा वेळ बसली, दोन वाक्यं कामाविषयी बोलली आणि गेली. पुढं ते घर ऊसतोडीला गेलं. मुलगी बरी आहे, असं तिच्या चुलत्यानं एकदा सांगितलं. मी त्या गावात आणखी चार वर्षं होते, पण तसं पुन्हा मला कुणी विचारलं नाही.