पेन हरवलं नव्हतं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईसमोर नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीसमोरही नाही. तुम्हालाच का सांगतेय? कदाचित तुम्ही सुजाताला ओळखत नाही, म्हणून.

मी धुळ्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दहावीचे निकाल लागले की पालक येतात आणि हमखास विचारतात – मॅडम, तो पेनवाला टॅब पोराला घ्यावा का? कामाचा असतो का? मग मी खुर्चीत मागे टेकून ऐटीत सांगते. आकृत्या काढायला छान, चुकलं तर पुसता येतं, सगळी पुस्तकं एका जागी. पण पोरगं लिहिण्याऐवजी शाईचे रंगच निवडत बसणार असेल, तर वही बरी. आणि पुरावा म्हणून माझ्या मामेबहिणीचं उदाहरण देते. टॅबचं पेन हरवलं, ती कागदाकडे वळली, आणि बघा आज कुठे पोचली! पालक मान डोलावतात. काही जण तर टॅबचा विचारच सोडून देतात.

त्या उदाहरणात एक शब्द खोटा आहे. सांगते – पण आधी माणसं तरी ओळखीची होऊ द्या.

दोंडाईच्याहून मी बी.एस्सी.ला जळगावला आले आणि मेहरूणला मामांकडे राहिले. सुजाता ही मामांची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच कॉलेजात. मी भौतिकशास्त्र, ती वनस्पतिशास्त्र. त्या वर्षी कॉलेजात टॅबचं वारं शिरलं होतं. घ्यावा की नाही यावर आमच्याकडे रोज जेवताना चर्चा. मामा दुकानं हिंडून आले, प्रत्येक काचेवर स्वतःची सही करून पाहिली, आणि घरी येऊन म्हणाले, सही आपल्यासारखी येत नाही. शेवटी धरणगावच्या आबांनी – आमच्या आजोबांनी – तो विषय मिटवला. टॅब मी घेऊन देतो, म्हणाले, पण दोघींत एक. खोका उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले, “हाई ते पाटीच शे!”

दोघींत एक. भांडलो नाही आम्ही. वेळा वाटून घेतल्या, आणि सुजाता तर स्वतःची वेळही मला द्यायची. मग? मग काय बिघडलं?

तिच्या हातानं बिघडवलं मला. ती पानाचा आडवा छेद असा काढायची की मामी शेजारणींना बोलावून दाखवायची. माझं अक्षर त्या काचेवर नुसतं घसरायचं. मामी बिचारी माझ्याही पानाकडे बघायची आणि म्हणायची, छान आहे हं. ते ‘हं’ – तुमच्या लक्षात येतंय ना?

एका दुपारी सुजाता लिहिता लिहिता उठून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. पेन गादीवर होतं. मी ते उचललं आणि कोपऱ्यात टांगलेल्या माझ्या मिटलेल्या छत्रीत टाकलं. हिवाळ्यात जळगावात छत्री कोण उघडतं? गंमत करायची होती, असं म्हणता आलं असतं. पण गंमत नव्हती ती. तिनं आता त्या काचेवर काही काढू नये, एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळी शोध सुरू झाला. मामांनी कपाट भिंतीपासून ओढलं. मामीनं गव्हाची कोठी उपसली. पिठाच्या डब्यात पाहिलं, बुद्धाच्या तसबिरीमागे पाहिलं. मामांना त्यांचा जुना चष्मा सापडला, मामीला एका पैंजणाचा जोडीदार सापडला – घरात जवळजवळ सणच! आणि मी? मी बॅटरी घेऊन सगळ्यांच्या पुढे. पलंगाखाली शिरून मीच सांगत होते, इथेही नाही गं.

सुजाता रडली नाही. म्हणाली, “शेवटी मीच लिहीत होते. माझ्याच हातून गेलं.”

मी काय केलं? तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवसापासून ती पेन्सिल आणि कागदावर आली. टॅब तिनं मलाच देऊन टाकला – तू त्यावर व्हिडिओ तरी बघ, म्हणाली. मी तो कॉलेजच्या ग्रंथालयात न्यायचे, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे, छत्रीतून काढलेलं पेन दप्तरातून बाहेर घ्यायचे. अभ्यास? मथळ्यांना जांभळा रंग बरा की हिरवा, यातच तास जायचा.

आणि मग खरी मजा झाली. मावशीकडे धुळ्याला निघाले होते. बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी टॅबवर काहीबाही गिरवत होते, नंतर डोळा लागला. धुळ्याला उतरून पाहते तर पेन नाही. खरंच नाही! बस पुढे सुरतेला निघूनही गेलेली. आणि मला हळहळायचीही सोय नाही. जे आधीच हरवलंय ते पुन्हा कसं हरवणार? चेहरा का उतरला, मावशीनं विचारलं. म्हटलं, बस लागली. तिनं हातावर लिंबाची फोड ठेवली. मी ती चोखत बसले. पुढच्या आठवड्यापासून मीही कागदावर.

आज सुजाता केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. काचेच्या बाटल्यांत बोटभर रोपं, ओळीनं रचलेली. तिच्या हातून एक बाटली इकडची तिकडे होत नाही. पण घरी? घरी तिचं नाव ‘हरवाबाई’. मामांनी लाडानं ठेवलेलं. थंडीत आबांच्या शेतावर भरीत-पुरीला सगळे जमतो, तेव्हा गाडीच्या किल्ल्या तिच्याकडे निघाल्या की कुणीतरी म्हणणारच, अरे, हरवाबाईकडे नको! सगळे हसतात. तीही हसते. सगळ्यात मोठ्यानं मी.

गेल्या महिन्यात तिच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही दोघीच जळगावच्या सराफ बाजारात गेलो. अंगठी तिनं झटक्यात निवडली, भावाची घासाघीस केली, दुकानदाराला हसवलं. त्यानं डबी पुढे केली तेव्हा मात्र तिनं हात मागे घेतला. थट्टेनं नाही. गोड सोडलेला माणूस पेढा नको म्हणतो ना, तितक्या सहज.

“तूच ठेव,” ती म्हणाली. “माझ्या हातून वस्तू जातात गं. लहानपणापासूनच.”

लहानपणापासून? शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या घरात काढल्यात. तिनं कधी साधं खोडरबर हरवलं नव्हतं. आता मात्र तिला स्वतःचं लहानपणही तसंच आठवतं.

दुकानदार पावती लिहीत होता. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. बोलायला याहून चांगली वेळ कोणती? मी डबी घेतली, पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

बाहेर आल्यावर, अंगठी सांभाळतेस म्हणून, तिनं मला लस्सी पाजली. मी पूर्ण ग्लास प्यायले.