साडूनं पाठवलेल्या मेंढ्या

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात एका लग्नाच्या पंगतीला बसलो होतो, आणि तो फोन मी उचलला नाही. म्हणजे, पाहिला आणि परत खिशात टाकला. वर 'विलास साडू' असं नाव होतं, पानात नुकतीच गरम जिलेबी पडली होती, आणि माझा पक्का समज असा की यानं काहीतरी नवीन घेतलेलं असणार आणि ते मला ऐकवल्याशिवाय याच्या घशाखाली घास उतरत नसणार. फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. शेवटी वैतागून कानाला लावला आणि म्हणालो, "बोला, काय घेतलं?" पलीकडं विलास नव्हताच. मंगल होती, त्याची बायको, माझ्या बायकोची धाकटी बहीण. "दाजी," ती म्हणाली, "हे गेले..." सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच संपलं सगळं. मी हातातली जिलेबी पानात ठेवली. आपण काय विचारलं हे तिनं ऐकलं असेल का, हाच विचार त्यांचं गाव लासुर्णे येईपर्यंत डोक्यात होता.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. ती मी पाळणार आहे, कारण विलासबद्दल वाईट लिहावं असं काही नव्हतंच. माझं दुखणं नेमकं तेच. साडू हे नातं मोठं विचित्र. भाऊ नाही, मित्र नाही, पण सासरच्या तराजूत समोरच्या पारड्यात कायम तोच. मी बारामतीत टीव्ही विकतो, खाली दुकान आणि वर घर. विलास वालचंदनगरच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात होता, आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिला आणि रिटायर झाल्यावर लासुर्ण्याला घर बांधलं. एकदा धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघांना चांदीची निरांजनं दिली. मी माझं निरांजन गुपचूप सराफाकडं नेऊन वजन करून आणलं. विलासच्या निरांजनाचं वजन कसं विचारायचं ते मात्र सुचेना, त्यामुळं तो तपास अजून अर्धवटच आहे.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. मोरगावकडचे. सगळी हयात मेंढरांमागं चालण्यात गेली. मुलगा नाही, दोन मुलीच. माझे स्वतःचे वडील मी शाळेत असताना वारले, त्यामुळं लग्न ठरलं तेव्हा बायको मिळाल्याइतकाच आनंद मला सासरा मिळाल्याचा झाला होता. घरात एक म्हातारा माणूस असावा, त्यानं आपल्याला काही सांगावं, प्रसंगी झापावं... एवढीच माझी हौस. पण आबा माझ्याशी दोनच वाक्यं बोलत. एक, "दुकान काय म्हनतंय?" आणि मी काहीही म्हणालो तरी दुसरं, "बरं हाय." विलासशी मात्र तासन्‌तास. पाऊसपाणी, चारा, कारखान्यातल्या भट्टीत लोखंड किती तापवतात, माणूस चंद्रावर गेला तर खातो काय, कशावरही. मी खोलीत शिरलो की गप्पा थांबत आणि आबा विचारत, "दुकान काय म्हनतंय?"

सासूबाई गेल्यावर आणि आबांचे गुडघे गेल्यावर कळप विकायचं ठरलं. गिऱ्हाईक यायच्या दोन दिवस आधी विलासचा फोन आला. "साडूभाऊ, उद्या सकाळी या. आबांबरोबर मेंढरांमागं चालायचं हाय दिवसभर. मी कॅमेरा घेतोय. पुन्ना हे दिसायचं न्हाय." माझा दिवाळीचा माल उतरत होता. मी म्हणालो, बघतो. आपल्याकडं 'बघतो' म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. विलास एकटाच दिवसभर आबांमागून चालला.

त्यानंतर आबा कधी आमच्याकडं, कधी लासुर्ण्याला अशी पाळी ठरली. आणि विलासनं आपला डाव टाकला. त्याच्या आतल्या खोलीत कॉम्प्युटर होता. घरातल्या सगळ्या लग्नांच्या जुन्या कॅसेटी त्यानं त्यात भरून ठेवल्या होत्या, त्यात हा मेंढरांचा दिवसही घातला. बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही. मधे ना वायर, ना काही. कॉम्प्युटरवर जे दिसेल ते हवेतून थेट टीव्हीवर. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आबा खुर्चीत बसत, विलास आत जाऊन ओरडे, "धाडू का आबा?" आबा म्हणत, "धाड!" आणि काळ्या-पांढऱ्या मेंढरांचा लोंढा धुरळा उडवत भिंतीवर येई. आबा पुढं झुकत. गुडघ्यावर हात मारत. एखादी मेंढी रेंगाळली की खरोखर जिभेनं हाकारत. टीव्ही मीच विकलेला होता, तोही घरचा भाव लावून! मला ते बघवत नसे. मी फोन आल्याचं नाटक करून ओट्यावर जाऊन उभा राही. तो दिवस मी कधी पुरता पाहिलाच नाही.

आमच्याकडं आबा आले की मी त्यांच्यापुढं दुकानातला सगळ्यात भारी टीव्ही लावी. जगातल्या सगळ्या वाहिन्या, समुद्रातले मासे, बर्फातली अस्वलं. आबा थोडा वेळ बघत आणि म्हणत, "बंद कर गा, डोळं दुखत्यात." आणि पाळी निम्मीही झालेली नसताना सकाळीच घोंगडीची घडी घालून दारात. "लासुर्न्याला गाडी कवा हाय?" बायको माझ्याकडं बघे. मी छताकडं.

शेवटी मान खाली घालून विलासकडं त्या व्हिडिओची कॉपी मागितली. तो मोठ्यांदा हसला. "देतो की! पन मग आबा हिकडं कशाला येतील?" हसतच म्हणाला, पण दिली नाही. माझ्या तेव्हा लक्षात आलं की मत्सर करणारा या घरात मी एकटा नाही. बरं वाटलं. पण कॉपी काही मिळाली नाही.

मग मी ती चोरायची ठरवली. आबांना न्यायला लासुर्ण्याला गेलो होतो. दुपारी मटणाचं जेवण झालं, सगळे बाहेर टीव्हीसमोर पसरले होते, विलासनं कॉम्प्युटरवरून कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट लावली होती. ती संपली. मी म्हणालो, "मी जरा आत आडवा होतो." आत गेलो, दार लोटलं, पेन ड्राइव्ह लावला आणि शोधाशोध सुरू केली. 'मेंढ्या' लिहून शोधलं, काही नाही. 'आबा' लिहिलं, नाही. 'सासरा' लिहिलं, तर माझ्याच लग्नाचे फोटो निघाले. घाम फुटला होता. बाहेरून हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, काहीतरी विनोदी लागलं असेल, बरंच झालं, रमलेत सगळे. हसणं वाढत गेलं. तेवढ्यात विलासची हाक आली, "ओ पाव्हनं! डाव्या अंगाच्या फोल्डरात बघा... त्येच्या खाली... हां, त्येच!"

चाळीस वर्षं टीव्ही विकणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं, की कॉम्प्युटरवर दिसेल ते हवेतून थेट टीव्हीवर जातं. माझा बाण कुठं फिरला, मी काय लिहिलं, काय खोडलं, सगळी चोरी मोठ्या पडद्यावर, बायकामाणसांसकट सगळ्यांनी पाहिली होती. सुमननं, माझ्या बायकोनं, घरी येताना गाडीत सांगितलं की आधी कुणालाच कळेना. आबांनीच विचारलं, "ह्यो बान कुनाचा हालतुया?" विलास म्हणाला, "तुमच्या थोरल्या जावयाचा." आबा म्हणाले, "काय हुडकतुया त्यो?" आणि विलास म्हणाला, "तुमालाच हुडकतोय, आबा." सुमन हे सांगताना हसत होती, मग एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. मागच्या सीटवर आबा झोपले होते. का झोपेचं सोंग, कोण जाणे.

निघताना विलासनं पेन ड्राइव्ह स्वतःच्या हातानं भरून माझ्या खिशात ठेवला होता. घरी येऊन लावला. मेंढ्या नव्हत्या. माझं लग्न होतं, आणि त्यातलाही तेवढाच भाग, ज्यात मंगलाष्टकं चालू असताना मला शिंकांमागून शिंका येताहेत. आबांनी तो मात्र आवडीनं पाहिला. आणि आठवडा व्हायच्या आत घोंगडीची घडी.

असा माणूस गेला. दहाव्याला नदीवर ही गर्दी! वालचंदनगरचे त्याच्या खात्यातले लोक, लासुर्ण्याचं अर्धं गाव, ज्यांच्या कॅसेटी त्यानं फुकट भरून दिल्या ते सगळे. प्रत्येकाकडं त्याची एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीत तो कुणाच्या तरी उपयोगी पडलेला. मी पिंडासमोर हात जोडून उभा होतो आणि मनात हिशेब चालला होता की आपल्या वेळी किती येतील. माझ्या नात्यातल्या एकाच्या पिंडाला कावळा शिवेना म्हणून आम्ही दुपार टळेपर्यंत ताटकळलो होतो, किती नवस बोललो होतो. विलासच्या पिंडाला कावळा आम्ही मागं सरायच्या आत आला. मला तेही खुपलं. आणि खुपलं म्हणून लाज वाटली, आणि मग रडू आलं ते थांबेना. लोक म्हणाले, साडूवर जीव होता हो...

मंगल पुण्याला मुलीकडं जायला निघाली. आबा आता कायमचे आमच्याकडं येणार होते. इतक्या वर्षांनी आबा माझ्या वाट्याला आले होते, समोरचं पारडं रिकामं झालं म्हणून. निघताना मंगलनं कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून गाडीत ठेवला. "दाजी, हे आबांबरोबरच राहू द्या."

पण आबा आमच्याकडं आले ते न आल्यासारखेच. जेवायला बोलावलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. 'दुकान काय म्हनतंय' हेसुद्धा विचारेनात. गाडी कधी आहे, तेही विचारेनात. जायला ठिकाणच उरलं नव्हतं. सुमन म्हणाली, "अहो, काहीतरी करा. हे असेच संपून जातील." मी कॉम्प्युटर वरच्या खोलीत मांडला, आबांना टीव्हीसमोर बसवलं आणि पाठवायला लागलो. यादीत एकाच नावाचे दोन टीव्ही दिसत होते. मी वरचं नाव दाबलं. आबांचा टीव्ही काळाच. पुन्हा दाबलं. काळाच. मी वायरी हलवल्या, खाटेखाली शिरलो, स्वतःच्याच दुकानातल्या मालाला शिव्या घातल्या. खाटेखालून बाहेर आलो तर खुर्ची रिकामी!

खाली दुकानातून मेंढरांचा आवाज येत होता. ते वरचं नाव दुकानातल्या दर्शनी टीव्हीचं होतं, आणि तिथला आवाज गिऱ्हाइकांसाठी आम्ही मोठाच ठेवतो. आबा गुडघे विसरून, कठड्याला धरत जिना उतरले होते. मी पोचलो तेव्हा ते दुकानातल्या बाकावर बसले होते आणि टीव्ही घ्यायला आलेलं एक जोडपं त्यांच्या शेजारी. पडद्यावर माळ, धुरळा, आणि पुढं पाठमोरे आबा. कॅमेऱ्याच्या मागून विलासचा आवाज येत होता, धापा टाकत, अगदी कानाशी बोलल्यासारखा. "आबा, ती मागं राहिलेली कोन?" पडद्यातले आबा वळून म्हणाले, "खैरी. म्हातारी झालीया." आणि बाकावरचे आबा त्याच वेळी, त्याच सुरात, "खैरी. म्हातारी झालीया." विलास विचारत होता, दोन्ही आबा उत्तर देत होते. माझ्या आत्ता लक्षात आलं. म्हातारा मेंढ्या बघत नव्हताच, इतकी वर्षं.

जोडप्यातल्या माणसानं विचारलं, "बाबा, ह्यो बोलतोय कोन?"

"माजा जावई."

"आन हे?" त्यानं माझ्याकडं बोट केलं. माझ्या केसांना खाटेखालची जळमटं लागलेली.

आबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्येचं दुकान हाय," म्हणाले.

तो माणूस बायकोशी काहीतरी कुजबुजला आणि मला म्हणाला, "आमाला ह्योच टीव्ही द्या. लई जिवंत चित्र हाय." मी सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात आबा, "ह्यो इकायचा न्हाय."

आयुष्यात मी गिऱ्हाईक परत पाठवलेलं नाही. "आबा," मी हळूच म्हणालो, "दुसरा लावू की आपण. मेंढ्या कशावरही येतात."

तेव्हा आबांनी मला झापलं. गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "येकदा सांगितल्यालं कळतंय का न्हाय तुला? मेंढरं हुभ्यानं बगत न्हाईत. गप बस हितं." आणि बाकावर सरकून जागा केली.

मी बसलो. ते जोडपं टीव्ही न घेताच, पण पूर्ण मेंढ्या बघून गेलं. तो टीव्ही अजून तिथंच आहे. रोज संध्याकाळी दुकानातलं एक गिऱ्हाईक तरी आमच्या बाकावर अडकतं, विक्रीची वेळ वाया जाते, आणि मी आबांच्या शेजारी बसून विलास बोलायचा कधी थांबतोय याची वाट बघतो, म्हणजे मला एखादा शब्द टाकता येईल... अजून तरी तशी फट सापडलेली नाही.