व्याह्यांनी सुधारलेला लॅपटॉप

चालती वस्तू आहे तशी चालू देणं हा माझ्या व्याह्यांच्या मते आळसाचा कळस आहे. प्रभादेवीच्या त्यांच्या घरात एकही वस्तू दुकानातून आली तशी राहिलेली नाही. मिक्सरचं बटण मागच्या बाजूला गेलंय, दाराची बेल दाबली की आधी स्वयंपाकघरात दिवा लागतो, आणि विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स घातलेले तीन जुने कॉम्प्युटर कपाटावर बसून काय करतात ते त्यांनाच ठाऊक. चष्म्याच्या डबीत चष्मा नसतो, पेनड्राइव्ह असतो. माझ्या मुलीचं लग्न ठरवताना मी हॉलच्या खर्चावरून भांडायच्या पूर्ण तयारीने गेलो होतो. फुटपाथवर भांडी विकण्यापासून लालबागेत स्वतःचं दुकान करेपर्यंत मी कुणाचाही पहिला शब्द मान्य केलेला नाही. ह्या गृहस्थांनी माझं सगळं पहिल्याच वाक्याला कबूल केलं आणि विचारलं, "दुकानातल्या कॉम्प्युटरवर काय वापरता?" माझी आठवड्याची तयारी फुकट गेली. तो राग मी अजून सोडलेला नाही.

पण खरा राग लॅपटॉपचा. मुलगी-जावई परदेशात, माझी बायको बाळंतपणासाठी तिकडे गेलेली, आणि नातीचं बारसं रविवारी. मला दुकान सोडवत नव्हतं, विधुर व्याह्यांचे गुडघे त्यांना विमानात बसू देत नव्हते. म्हणून दोघांनी माझ्या घरी बसून बारसं मोठ्या पडद्यावर बघायचं ठरलं. त्यासाठी मी दोन तास घासाघीस करून नवा लॅपटॉप आणला. वर बॅग मिळवली, माऊस मिळवला, आत विंडोज घालून घेतलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, आता हे स्टूलपण घेऊन जा."

गुरुवारी व्याही बघायला आले. उष्ट्या ताटाकडे पाहावं तसं त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "अहो, हे मशीन तुमचं की कंपनीचं?" म्हणाले आणि डबी उघडली. मी चहा करून आणेपर्यंत भांडून मिळवलेलं विंडोज पुसलं गेलं होतं. मग तीन दिवस माझ्या घरी लिनक्सची सजावट चालली. मेनू मराठीत आला, अक्षरं माझ्या डोळ्यांना बेतून मोठी झाली, घड्याळ वर असावं की खाली ह्यावर शुक्रवारची अख्खी दुपार गेली. एक बटण तर असं बसवलं, की दाबलं की थेट मुलीला फोन. मी खूष झालो होतो, पण ते त्यांना सांगितलं नाही.

बारशाला तासभर होता. बटण दाबलं, मुलगी दिसली, पाळणा दिसला. तेवढ्यात व्याह्यांना वाटलं, आवाज अजून थोडा स्वच्छ करता येईल. मी नको म्हटलं, ओरडून म्हटलं. पण बोटं चालू झाली होती. दहा मिनिटांत पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं सरसर धावू लागली. त्यानंतर मी जे बोललो ते मुलीच्या सासऱ्याला कुणी बोलत नाही.

शेवटी बारसं माझ्या मोबाइलवर पाहायची वेळ आली. तळहाताएवढा पडदा आणि दोन म्हातारी डोकी, एकाला दिसलं की दुसऱ्याला दिसत नाही. पाळणा म्हणून झाला, आत्या बाळाच्या कानाशी नाव सांगायला वाकली, तेव्हा व्याह्यांनी मोबाइल पूर्ण माझ्याकडे वळवला. "तुम्ही बघा," ते म्हणाले, "मला ऐकू येतंय." मी पाहिलं. नातीने जांभई दिली. व्याही भिंतीकडे बघत, मान वाकडी करून नुसतं ऐकत राहिले. नात त्यांचीही होती.

पुढच्या रविवारच्या आत त्यांनी लॅपटॉप दुरुस्त केला, आणि तेव्हापासून तो एकदाही अडलेला नाही. मागच्या वर्षी मुलाने गुडघ्यांचं ऑपरेशन करवून त्यांना कायमचं तिकडे नेलं. आता दर रविवारी सगळे ऐसपैस दिसतात, आणि मागे सोफ्यावर व्याही पेंगत असतात. त्या घरात त्यांना कशालाही हात लावू देत नाहीत, असं मुलगी हसत सांगते. मी थोडा वेळ थांबतो, मग तक्रार करतो की व्याही, तुमच्या ह्या लिनक्सवर आवाज फाटका येतोय. ते ताडकन उठतात, सगळ्यांना बाजूला सारून खुर्ची पुढे ओढतात. तिथे बसून ते इंटरनेटवरून माझ्या पडद्यावरचा माऊसचा बाण हलवू लागतात, आणि तासभर आमचं भांडण चालतं.

आवाज पहिल्यापासून स्वच्छ येत असतो.