बिल्ला नसलेला कुत्रा

कुत्रा माझ्या नवऱ्याच्या पोटरीला लटकला होता आणि मी ओरडले, "पळ!" कुत्र्याला ओरडले. नवऱ्याला 'पळ' म्हणायची आमच्यात पद्धत नाही. कुत्र्याने लगेच पोटरी सोडली, मागच्या तारेखालून घुसला आणि दिसेनासा झाला. माझ्या घरात माझं एका हाकेत ऐकणारा तो पहिलाच.

यांनी जखमेकडे पाहिलंच नाही. रक्त चपलेत उतरत होतं आणि हे म्हणाले, "गळ्यात बिल्ला नव्हता."

"आधी बसा खाली."

"बिल्ला नाही, म्हणजे इंजेक्शन दिलेलं नाही. कुणाचा होता?"

"मला काय ठाऊक?"

मला ठाऊक होतं. तीन महिने मी त्याला मागच्या दारी माशाची डोकी आणि भाताची खरवड घालत होते. हे दुपारी कधी घरी येत नसत, म्हणून निर्धास्त होते. त्या रविवारी नेमके आले, दारात कुत्रा दिसला आणि खिशातून दोरी काढली. खिशात दोरी घेऊन फिरणारा नवरा मिळायला नशीब लागतं.

आमचं गाव दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला. सरकारने आधी नकाशावर ठिपका काढला, मग मोरोक्कोची, रुमानियाची आणि आमच्यासारखी कोकण-मुंबईची ज्यू माणसं आणून त्यात भरली. आम्ही पासष्टच्या सुमारास आलो. हे ठाण्याला म्युनिसिपालटीत कारकून होते. इथे मोअत्साने, म्हणजे गावच्या नगरपालिकेने, यांच्या हातात झाडू दिला. दुसरा कोणी रडला असता. हे पहिल्याच आठवड्यात साहेबाला सांगून आले की झाडू आखूड आहेत, माणसांच्या पाठी मोडतील. चार वर्षांनी यांना स्वच्छतेचे इन्स्पेक्टर केलं. मला वाटतं, तक्रारी ऐकून थकले म्हणून केलं.

तेव्हापासून गावाला सुख नव्हतं. कोणाचं गटार तुंबलं, कोणाच्या दुकानात दूध उघडं आहे, सगळं यांना माझ्या तोंडापेक्षा जास्त पाठ. स्वतःच्या नळाची तक्रार द्यायची तर स्वतःच्याच ऑफिसात रांगेत उभे राहत. मी दोन दिवस शेजाऱ्यांकडून पाणी आणलं, कारण आमचा नंबर आला नव्हता. रस्त्याकडेच्या झाडांना हे शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर पाणी घालायचे. घरात दोन कुंड्या होत्या, त्या वाळल्या.

कुत्र्यांचा नियम यांनीच मोअत्साकडून पास करून घेतला होता. आजूबाजूच्या शेतांत कोल्हे पिसाळत होते, तेव्हा कारण खोटं नव्हतं. प्रत्येक कुत्र्याला इंजेक्शन द्यायचं आणि गळ्यात बिल्ला घालायचा. बिल्ला नसलेला, बेवारशी कुत्रा दिसला तर उचलायचा आणि गोळी घालायची. नियमाचा परिणाम चांगला झाला. रस्त्यावर कुत्रा दिसेना. सगळ्या गावाने कुत्री पलंगाखाली ठेवायला शिकून घेतलं.

कुत्रा चावला तो त्र्याहत्तरच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात. सोमवारपासून यांना पोटात इंजेक्शनं सुरू झाली. रोज एक, जवळच्या शहरात बसने जाऊन. बुधवारी तिसरं घेतलं आणि संध्याकाळी ताप चढला. पोट सुजलं, डाव्या पायाला मुंग्या आल्या. डॉक्टर रुमानियाचा होता, गोड बोलणं त्याला येत नव्हतं.

"औषध यांच्या नसांना बाधतंय," तो मला म्हणाला. "चालू ठेवलं तर पाय जाईल, कदाचित जास्तही काही. बंद केलं आणि कुत्रा पिसाळलेला असला, तर हे मरतील. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला तर औषधाची गरजच नाही. बाई, मला कुत्रा आणून दाखवा."

मी निघाले. हिब्रू मला बाजारापुरती येते. दारोदार विचारलं, "बदामी कुत्रा, एक कान फाटलेला?" कोणी पाहिला नव्हता. आमच्या गावात कोणीच कधीच कुत्रा पाहिलेला नव्हता. एका घरी आत कुत्रा भुंकत होता आणि बाई माझ्यासमोर जोरजोरात खोकत होती. मी म्हटलं, "खोकल्यावर मध घे." दुसऱ्या घरी कुत्रा न्हाणीघरात होता. त्याचं शेपूट दाराच्या फटीतून बाहेर आलं होतं आणि घरधनी त्याच्यापुढे पाय पसरून उभा. माझ्या नवऱ्याचा जीव एका कुत्र्यावर अडकला होता आणि गावभर कुत्री लपवण्याचं शिक्षण माझ्या नवऱ्यानेच दिलं होतं.

गुरुवारी बाजार. मासेवाल्याकडे सवयीने डोकी मागितली.

"संपली. या आठवड्यात सगळी म्हातारी नेते, पलीकडच्या ब्लॉकची."

ती मोरोक्कोची विधवा. मांजर नाही, घरात दुसरं माणूस नाही, आणि मासा तिला आवडत नाही हे सगळ्या जिन्याला ठाऊक. दोन वर्षांपूर्वी यांनी तिच्या जिन्यातून सात कोंबड्या उचलून नेल्या होत्या. मी दार ठोठावलं. तिने बोटभर उघडलं.

"काय आहे, होदित?" हिंदुस्थानच्या बाईला इथे होदित म्हणतात.

"कुत्रा तुझ्याकडे आहे."

"नाही." आतून कुत्र्याने माझा आवाज ओळखला आणि कूं कूं करत दाराला नखं मारायला लागला. "असला तरी देणार नाही. तुझा नवरा त्याला मारेल."

"नाही दिलास तर माझा नवरा मरेल."

"सात कोंबड्या नेल्या त्याने माझ्या."

"कोंबड्यांची आणि माणसाची बरोबरी लावतेस?"

"कोंबड्यांनी माझ्या दारावर कधी नोटीस चिकटवली नाही." मग म्हणाली, "लिहून आण. गोळी घालणार नाही म्हणून. सही, शिक्का. मग नेऊ देईन."

मी घरी आले. हे पलंगावर, तापाने डोळे लाल, पाय उशीवर.

"कुत्रा सापडला. गोळी घालणार नाही असं लिहून द्या."

"तसं लिहून देता येत नाही. बेवारशी कुत्रा दहा दिवस पिंजऱ्यात ठेवतात. नंतर नियमाप्रमाणे."

"अहो, तुम्ही मरताय."

"तो वेगळा प्रश्न आहे."

असल्या माणसाशी मी तीस वर्षं संसार केला. उशी उचलून तोंडावर दाबावी असं मनात आलं, मग डॉक्टरचीही कटकट गेली असती.

"आणि कुत्र्याला मालक असला तर?" मी विचारलं.

"तर दहा दिवसांनी इंजेक्शन देऊन, बिल्ला घालून मालकाला परत."

"मग मी मालक."

"कधीपासून?"

"तीन महिन्यांपासून."

तुंबलेल्या गटाराकडे बघतात तसं यांनी माझ्याकडे बघितलं. मग मुलीला हाक मारली आणि अर्ज लिहायला सांगितलं. आमची मुलगी इथेच शिकली, मराठीत विचारलं तर हिब्रूत उत्तर देते.

"दाय, इमा," ती म्हणाली, म्हणजे पुरे आता, आई. "शाळेत सगळे हसतील."

"हसू देत. लिही."

खाली मी मराठीत सही केली. मला दुसरी येत नाही. तेवढ्यात हे पलंगावरून दुसरा कागद मुलीला सांगायला लागले: बिल्ल्याशिवाय कुत्रा बाळगल्याबद्दल नोटीस, माझ्या नावाने. एकशे तीन ताप होता, पण कलम बिनचूक.

मोअत्साच्या कारकुनाने माझी सही उलटसुलट करून पाहिली आणि शिक्का मारला. म्हातारीला वाचता येत नव्हतं, मला हिब्रू वाचता येत नव्हतं. दोघींनी शिक्क्याकडे बघून समाधान मानलं. मग तिने दार पुरतं उघडलं. कुत्रा तिच्या नवऱ्याच्या कोटावर झोपत होता, आणि चार दिवसांत माझ्याकडे होता त्यापेक्षा लठ्ठ झाला होता.

डॉक्टरने कुत्रा पाहिला आणि इंजेक्शनं थांबवली. "बुधवारपर्यंत वाट बघू," म्हणाला. सांगायला सोपं. कुत्र्याने पाणी पिणं सोडलं, लाळ गळली, की माझा नवरा गेला. मी रोज सकाळी उठून आधी कुत्रा बघायला जात होते, नंतर नवरा.

म्हातारीचा शिक्क्यावरचा विश्वास एक दिवस टिकला. शुक्रवारपासून ती मोअत्साच्या पिंजऱ्यासमोर फळांच्या खोक्यावर बसायला लागली, कोणी बंदूक घेऊन येतं का बघायला. हेही काठी टेकत, पाय ओढत यायचे. पिंजऱ्यात पाणी ताजं असलं पाहिजे असा नियम होता आणि तो पाळला जातोय का हे बघणारा गावात दुसरा कोणी नव्हता.

"काय इन्स्पेक्टर, अजून मेला नाहीस?" ती विचारायची.

"बुधवारपर्यंत मुदत आहे."

"माझ्या कोंबड्या कुठे गेल्या?"

"नोटिशीत लिहिलं होतं."

"मला वाचता येत नाही."

यांनी खिशातली वही काढून त्यात काहीतरी टिपून घेतलं. सोमवारी हे तिच्याकडे गेले नि तिच्या नावाच्या चार जुन्या नोटिसा, कोंबड्यांच्या धरून, मोठ्याने वाचून दाखवल्या. तिला आनंद झाला असेल असं मला वाटत नाही.

मंगळवारी दुपारी कुत्र्याने भात सोडला. मी पिंजऱ्याच्या जाळीला धरून खालीच बसले. म्हातारी म्हणाली, "रडू नकोस, होदित. भात कोण खातं?" शालीआडून तिने माशाचं डोकं काढलं. कुत्र्याने ते काट्यासकट खाल्लं.

बुधवारी जनावरांचा डॉक्टर आला. कुत्रा त्याच्या बुटावर धावून गेला, त्याने लिहिलं: निरोगी. बिल्ला माझ्या नावाचा मिळाला, पण कुत्रा गेला म्हातारीकडेच. यांना नीट चालता यायला हिवाळा उजाडला, पण काठी सुटली. मालक असला तर कुत्रा जिवंत परत मिळतो हे गावाने पाहिलं, आणि त्या वर्षी बिल्ल्यांसाठी कुत्र्यांची रांग नाक्यापर्यंत गेली. पन्नास कुत्री असतील असं गावाला वाटत होतं, त्याच्या दुप्पट निघाली.

हे त्यानंतरही दहा-अकरा वर्षं नोकरीत होते. निरोपाच्या दिवशी मोअत्साच्या अध्यक्षाने भाषणात यांचं नाव चुकवलं. यांनी तिथल्या तिथे सुधारून दिलं. म्हातारी त्याआधीच्या साली गेली, आणि कुत्रा तिच्याही आधी, म्हातारा होऊन, तिच्याच घरात. हे ऐंशीचे आहेत आणि आत्ता खाली कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावायला गेले आहेत.