कासवाची खुंटी

विद्यापीठाच्या पाळणाघराच्या नव्या खोलीत आज खुंट्यांची रांग पाहिली. मुलांना वाचता येत नाही, म्हणून इथे प्रत्येकाच्या खुंटीवर नावाऐवजी चित्र असतं. जुन्या खोलीत माझ्या मुक्ताच्या खुंटीवर कासव होतं. तिसऱ्या वर्षी ती तापाने गेली. पुढे या खोलीसाठी देणग्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा तिच्या शिक्षणासाठी साठवलेलं सगळं मी दिलं. दारावर तिचं नाव असावं, एवढंच मागितलं.

पाळणाघराच्या समितीच्या बाई हळुवारपणे म्हणाल्या, "सर, लहान मुलांच्या खोलीवर 'कै.' कसं लिहायचं? पालक बिचकतात हो. तुमचंच नाव लावू की. तुम्ही आहात ना."

त्यांचं चुकलं नव्हतं. जिथे मुलं वाढतात तिथे न वाढलेल्या मुलाला कोण जागा देईल? राग येतो तो त्यांचं पटतं म्हणूनच.

आता दारावर माझं नाव आहे. आत एक चिमुरडी टाचा उंचावून कासवाच्या खुंटीला पिशवी अडकवत होती. तिचा हात पुरेना, म्हणून मी पुढे झालो. माझं बोट चित्राला लागलं.

"ए काका, हात नको लावू," ती म्हणाली. "ते माझं कासव आहे."