गाठीला मिशी हवी

बस्त्यांवकाका तंगूस विकत घेण्याआधी ओठांवरून ओढून बघत. बहारीनमधल्या मुहर्रकच्या बाजारात मासे गरवायच्या सामानाचं एक अरुंद दुकान आहे. तिथे काउंटरशी उभं राहून, डोळे मिटून, तो नायलॉनचा दोरा ते खालच्या ओठावरून हातभर, दोन हात, तीन हात सरकवत राहायचे. मलबारी दुकानदाराला सवय होती. माझी मात्र पहिल्या वेळी पंचाईत झाली. मी यांच्यासोबत आलोय हे कोणाला कळू नये म्हणून मी शिशाचे गोळे निरखत बसलो. काका डोळे न उघडताच म्हणाले, "लाजू नको, साहेब. बोटाला घट्टा पडलाय, त्याला खरचटा कळत नाही. ओठाला कळतो."

घट्टा म्हणजे साधा घट्टा नव्हे. त्यांच्या उजव्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर आडवी खाच पडली होती. तीस वर्षं तंगूस त्याच एका जागेवरून धावला होता. वर्कशॉपमध्ये कधी लिहिता लिहिता थांबले, तर पेन्सिल त्या खाचेत ठेवायचे आणि ती तिथेच राहायची.

बस्त्यांवकाका वसईचे. सित्र्याच्या एका कारखान्यात फिटर लोकांचे फोरमन. मी तिथे मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून गेलो तेव्हा माझं वय चाळिशीच्या अलीकडे आणि त्यांचं पंचावन्नच्या पुढे. हुद्द्याने मी वर. म्हणून रविवार ते गुरुवार मी "साहेब" आणि शुक्रवारी "अरे". होडीत पाय ठेवला की हा बदल आपोआप व्हायचा. बाजारातला दिवस गुरुवारचा होता, म्हणून तिथे अजून साहेब.

माझ्या कामाचं स्वरूप सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. कुठे गळती झाली, जोड सुटला, पंप बसला, तर का झालं ते शोधून रिपोर्ट लिहायचा. शेवटचा रकाना कारणाचा. त्याखाली माझी सही. मी रुजू होऊन महिना झाला नसेल, एका पाइपाचा जोड गळला. मी जोडात बसवलेलं गास्केट तपासलं, काही ठरेना, "मालातील दोष" लिहून मोकळा होणार होतो. काका टोपी हातात घेऊन माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे असतात. त्या दिवशी काकांनी ते ओळीने आवळले होते. म्हणाले, "कारणाच्या जागी माझं नाव लिहा, साहेब. बिचाऱ्या गास्केटने काय केलंय?"

मी म्हणालो, कोणी विचारलेलं नाही, राहू दे.

"कोणी विचारलं नाही म्हणून तर आलो," ते म्हणाले.

मी नाव लिहिलं. त्यांना मेमो मिळाला. त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी मला मासे गरवायला नेलं.

बायको आणि मुलगी तेव्हा पुण्यात होत्या. गुदैबियातल्या माझ्या फ्लॅटमध्ये शुक्रवार म्हणजे कपडे धुणं आणि छताकडे बघणं. काकांनी ते ओळखलं होतं. मी मासे खात नाही, आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी खाल्लेले नाहीत, असं मी सांगून पाहिलं. त्यांना त्याचं कौतुकच वाटलं. "मग तुला लागणार. खाणाऱ्याचा हात माशाला लांबूनच कळतो." आणि खरंच, मला लागायचे. माझे मासे शेजारच्या मंगळुरी बाईंकडे जात. त्या मला बदल्यात इडल्या देत. काका म्हणत, "भटजींची दक्षिणा."

होडी अरादच्या अबू यूसुफची. तिचं इंजिन काकांनी एकदा दुरुस्त करून दिलं होतं, तेव्हापासूनची दोस्ती. तिघे पहाटे निघायचो. अबू यूसुफ अरबीत बोलायचा, काका मराठी मिसळलेल्या हिंदीत, आणि दोघांचं कधी काही अडलेलं मी पाहिलं नाही.

रॉड त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या मते काठी ही मधली माणसं असतात तशी असते, निरोप अर्धाच पोचवते. तंगूस थेट बोटावर. सामान निवडायची त्यांची पद्धत आधी माशाचं तोंड आणि मग त्याचं घर बघायची. साफी या छोट्या मासळीचं तोंड लहान, ती कुरतडते. तिला बारीक तंगूस, नखाएवढी गरी, म्हणजे गळ, आणि पावाची ओली कणीक. थंडीत पाणी नितळ झालं की तंगूस आणखी एक नंबर बारीक. हामूर खडकाच्या कपारीत राहतो, तोंड पोत्यासारखं. त्याला जाड तंगूस, मोठी गरी, माकुळाचा तुकडा. शिसं किती? "तळाला टेकेल एवढं. झोपेल एवढं नको."

हामुराला आमिष लागलं की तो वळून कपारीत शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. म्हणून तो लागल्या क्षणी दोन हात तंगूस वर ओढून घ्यायचा, त्याला वळूच द्यायचं नाही. "पहिले दोन हात आपले. मग जन्मभर ओढ म्हणावं."

पण त्यांचा खरा धर्म गाठीचा. गरीला सहा वेढे, मग थुंकी, मग सावकाश आवळणं. कोरडी गाठ आवळली की नायलॉन तापतो, आतून मरतो. उरलेलं टोक मुळाशी कापायचं नाही, गव्हाच्या दाण्याएवढं ठेवायचं. त्याला ते मिशी म्हणत. "गाठीला मिशी हवी. मिशी काढलेली गाठ सटकते." आणि गरी ज्याची त्यानेच बांधायची. दुसऱ्याने बांधलेल्या गरीवर त्यांनी कधी तंगूस सोडला नाही.

मासा तुटून गेला की ते हळहळत नसत. तुटलेलं टोक ओठावर फिरवत. खरबरीत लागलं, तर दगडावर घासला. सपाट कापलं असेल, तर दात. आणि टोक स्प्रिंगसारखं वेटोळं झालं असेल, तर गाठ सटकली. माझं टोक वेटोळं निघालं की ते माझ्यापुढे धरत, "वाचा, साहेब. तुमचाच रिपोर्ट आहे." शुक्रवारी साहेब म्हणाले की समजायचं, चुकलो.

एकतीस वर्षांनी ते कायमचे घरी निघाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन वसईला जाऊन करायचं ठरलं होतं. त्यांचा सगळा बेत एकच होता. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. रोज सकाळी गरी टाकायची, दुपारी बायकोच्या, म्हणजे त्रेझाकाकूंच्या, शिव्या खायच्या. एक अख्खी दुपार त्यांनी त्या मलबाऱ्याच्या दुकानात काढली, ओठ लाल होईपर्यंत. रिळं, गऱ्या, शिसं, सगळं एका निळ्या पेटीत लावून ठेवलं.

शेवटच्या शुक्रवारी आम्ही तिघे गेलो. होडी डोलत होती आणि काकांना गरीचं नेढं दिसेना. दोनदा प्रयत्न केला. मग गरी आणि तंगूस माझ्यापुढे धरले. मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं.

त्याच वेळी माझा फोन वाजत होता. ऑफिसचा होता. मी फोन खांद्याशी धरून गाठ बांधली. वेढे किती घेतले, मला सांगता येणार नाही. थुंकी लावली नाही. टोक दातांनी मुळाशी तोडलं. काकांनी बोटांनी चाचपायला हात पुढे केला, तेव्हा मी म्हणालो, "बांधली नीट, काका, सोडा खाली." त्यांनी सोडली.

अर्ध्या तासाने हामूर लागला. तसा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. काकांनी दोन हात वर घेतले, अगदी वेळेवर घेतले, मी शेजारीच होतो. मासा वळला नाही. अबू यूसुफ उभा राहिला. काकांचा चेहरा पोराचा झाला होता. पाण्यात खाली तपकिरी काहीतरी उलटलं, आणि तंगूस सैल पडला.

काकांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "टोक दे."

तंगूस माझ्या बाजूने वर आला होता. टोक माझ्या हातात होतं. वेटोळं. कुणालाही वाचता येईल असं. मी पाठ वळवली, वेटोळं दातांनी तोडलं, आणि उरलेलं टोक नांगराच्या दगडावर दोन-तीनदा घासलं. मग त्यांना दिलं.

त्यांनी ते ओठावर फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"दगड," ते म्हणाले. "म्हणजे वळू दिला मी. मला वाटलं, घेतले दोन हात." मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "हात गेले रे माझे."

अबू यूसुफ माझ्याकडे बघत होता. तो एवढंच म्हणाला, "खलास. यल्ला." झालं, निघू या. पुढे त्याने मला होडीवर कधी बोलावलं नाही.

विमानतळावर निरोप द्यायला गेलो, तेव्हा ती निळी पेटी माझ्यासाठी आणलेली होती. मी नको म्हणालो. ते म्हणाले, तुला लागेल.

वर्षभराने सुट्टीत वसईला गेलो. मोतीबिंदू निघाला होता, बिनचष्म्याने पेपर वाचत होते. ओटीवर बसलो. भरतीचा आवाज तिथपर्यंत येत होता. त्रेझाकाकू चहा देता देता तक्रार करत होत्या की हे समुद्राकडे फिरकत नाहीत, बहारीनमध्ये असताना समुद्राच्या एवढ्या गप्पा मारायचे. त्या आत गेल्यावर काका पुढे झुकले.

"तू शेजारी होतास. खरं सांग. मी पहिला हात उशिरा घेतला ना?"

त्यांना "नाही" ऐकायचं होतं. आणि "नाही" हेच खरं होतं. पण "नाही" म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होताच: मग दगड कुठून आला? मी कप बशीत ठेवला आणि म्हणालो, "थोडासा उशीर झाला असेल, काका."

त्यांनी मान हलवली. "तेच." मग माझ्या मुलीच्या शाळेचं विचारलं.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. मी दर नाताळला फोन करायचो. दर वेळी आज सांगायचंच असं ठरवून करायचो.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांचा मुलगा कॅनडातून येईपर्यंत अंत्यविधी थांबवला होता, म्हणून मीही पोचलो. चर्चमध्ये रांगेतून पुढे सरकत शवपेटीपाशी आलो. हातांत जपमाळ गुंफली होती आणि उजवी तर्जनी वर होती. मी आधी ओळखलीच नाही. खाच बुजली होती. पहिलं पेर कुणाही म्हाताऱ्या माणसाचं असावं तसं सपाट आणि मऊ झालं होतं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी त्रेझाकाकूंना सगळं सांगितलं. गाठ, वेटोळं, दगड, ओटीवरचं वाक्य. त्या ऐकत होत्या.

"रोज संध्याकाळी बोटं उघडमीट करून बघत बसायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, वाताचं दुखणं आहे, तेल लावते. लावू द्यायचे." मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस आता? तो माणूस इथेच बसलेला होता."

मी बहारीनला परत आलो. सही करायचे रिपोर्ट रोज टेबलावर येतात. निळी पेटी अजून फ्लॅटमध्ये आहे, रिळांवरचा तंगूस एव्हाना कडक झाला असेल, मी ओठाला लावून पाहिलेला नाही. एक रिपोर्ट मात्र इतकी वर्षं अर्धा राहिला होता. तो पुरा करतो.

हात वेळेवर घेतले होते. दगड नव्हता. गाठ कोरडी होती आणि तिला मिशी ठेवली नव्हती. कारणाच्या जागी माझं नाव.