आत कोणी बसायचं

सावळाराम ओव्हाळ सात वर्षं दौंडच्या रेल्वे शेडमध्ये डब्यांच्या खिडक्यांना रबर बसवत होता. हंगामी म्हणून. चौऱ्याहत्तरच्या संपानंतर बरीच नावं कमी झाली, त्यात त्याचंही गेलं. मग वर्षभर मिळेल ते. कुणाच्या ट्रकची काच, कुणाच्या जीपचं हूड.

पंच्याहत्तरच्या चैत्रात शिरूरच्या शंकररावांचं बोलावणं आलं. शंकररावांची निमोण्याला बागायत, शिरूरच्या पेठेत घर. नगर रस्त्याला त्यांचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप उभं राहत होतं. पत्रे चढले होते. मेस्त्री ठरायचा होता.

"वैशाखात पोराचं लगीन हाय," अंगणातल्या गाडीकडं बोट करत शंकरराव म्हणाले. "नवरदेव ह्या गाडीतनं मिरवायचा. काचंचं समदं रबर गेलंय. नीट बसवलंस तर वर्कशॉपची मेस्त्रीकी तुझी. कायमची."

कायम हा शब्द सावळारामनं सात वर्षं शेडमध्ये ऐकला होता. स्वतःबद्दल कधी नाही.

गाडी जुनी, विलायती, पुण्याच्या एका डॉक्टरकडून घेतलेली. शर्यतीची म्हणत. बुटकी, लाल, दोनच माणसांची. काचेभोवतीचं रबर बोट लावलं की पापडासारखं मोडत होतं. सावळारामनं वरची चकचकीत पट्टी लाकडी पाचरीनं हळूच उचलली. खाली गंजच गंज. त्यानं तो काचकागदानं घासून काढला. रबर पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. नेमक्या मापाचं मिळालं नाही, जवळपासचं मिळालं. कोपऱ्यावर रबर ताणायचं नसतं. ताणलेलं रबर आठवड्यात मागं सरतं. थोडं जास्तच ठेवून दाबून बसवायचं. चार दिवस तो त्या दोन दारांपाशी उकिडवा बसून होता.

पाचव्या दिवशी पाणी मारून बघायचं होतं. शेडमध्ये याची एक रीत होती. ज्यानं रबर बसवलं त्यानंच आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाणी मारायचं. थेंब कुठून येतो ते बसवणाऱ्यालाच कळतं.

सावळारामनं पाय धुतले. धुतलेलं पोतं आणलं. दार उघडून तो पोतं गादीवर अंथरणार, तोच ओट्यावरून शंकररावांच्या आई, आक्काबाई, बोलल्या.

"आरं, आत कुठं निघालास?"

"पानी मारून बघायचंय, आक्का. आतनंच बघावं लागतं."

"मग म्हाळू बसंल की. नवरदेवाची गादी हाय ती."

शंकरराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

म्हाळू म्हणजे शंकररावांचा भाचा. तो ट्रॅक्टरखालून निघाला, हात पायजम्याला पुसले आणि तसाच जाऊन गादीवर बसला. दार लावून घेतलं.

सावळाराम पोतं हातात धरून उभा राहिला. बोलायला तोंड उघडलं होतं, पण मेस्त्रीकी जिभेवर येऊन बसली. त्यानं पोतं भिंतीशी टाकलं आणि बादली उचलली.

"मागचा खालचा कोपरा बघा, म्हाळूराव," तो काचेशी ओरडला. "दाराच्या आतल्या पुठ्ठ्याच्या मागं बोट घाला."

"घातलं."

"ओल हाय का?"

"ठणठणीत कोरडं! आरं, लगीन माझं न्हाई, मला का न्हाऊ घालतोस?"

ओटा हसला. सावळारामही हसला.

म्हाळूचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. काचेतून ते स्वच्छ दिसत होते.

लग्नाच्या दिवशी गाडी तीनदा धुतली गेली. पाणी मागच्या कोपऱ्यातून शिरलं, पुठ्ठ्यामागून गंज घेऊन उतरलं आणि गादीच्या काथ्यात मुरलं. वरून काही दिसलं नाही. नवरदेव बसला, गादी दबली. मांडवापाशी तो उतरला तेव्हा पांढऱ्या विजारीवर मागून गुडघ्यापर्यंत तांबडं उतरलं होतं. नवरीकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. "नवरदेव कुठं बसून आला गं?" एक जण म्हणाली, आणि ते सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सावळारामला निरोप आला. दौंड ते शिरूर एसटीत तो शंकररावांना सांगायचं एकच वाक्य घोकत होता. आबा, मला आत बसू दिलं न्हाई. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा त्यानं ते पुटपुटून पाहिलं. जमत होतं.

"काय रं," शंकरराव अंगणातच म्हणाले, "रेल्वेत हेच शिकलास?"

म्हाळू त्यांच्या शेजारी उभा होता. तो सुपारी कातरत होता.

मेस्त्री अजून ठरला नसेल, असं सावळारामला वाटलं. तेवढ्यासाठी तो म्हणाला, "कोपरा कच्चा ऱ्हायला, आबा. माझी चूक."

"आता तरी नीट बघ. बस आत. गादी तशी बी बाद झालीय."

आक्काबाई ओट्यावरच होत्या. या वेळी कुणी काही बोललं नाही. सावळाराम आत बसला. काथ्या अजून ओला होता. म्हाळूनं बाहेरून पाणी मारलं आणि चौथ्या तांब्याला पुठ्ठ्यामागं थेंब आला. सावळारामनं त्यावर बोट ठेवलं. बोटभर रबर कमी पडत होतं. अर्ध्या तासाचं काम.

काम करून तो शंकररावांपुढं उभा राहिला.

"वर्कशॉपचं काय, आबा?"

"मेस्त्री म्हाळू झालाय. घरचा मानूस, भरोसा ऱ्हातो. तू ये त्याच्या हाताखाली. रोजावर."

संध्याकाळी दौंडला साळूबाईनं सगळं विचारून घेतलं. नवऱ्यानं ते तुटक तुटक सांगितलं.

"आन् तुम्ही सांगितलं न्हाई? त्यो बसला हुता आत म्हून?"

"न्हाई."

"तुमाला तर दिसलं हुतं, त्याचा हात चाकावर हाय म्हून."

"व्हय."

तव्यावरची भाकरी करपली.

"मग आता?"

"सोमवारपासनं जायचंय," सावळाराम म्हणाला. "पहिल्या एसटीनं."